लांबच्या रस्त्याची गाडी

गाड्या आपापसांत बोलत असत तेव्हाची गोष्ट. दुकानात एक डिझेलची आणि एक पेट्रोलची गाडी शेजारीशेजारी उभ्या होत्या. मधुकाका शेवडे दोघींपुढे घुटमळत होते. काकू म्हणाल्या, "आता लेकीकडे इंदूरला वरचेवर जायचं. डिझेलचीच घेऊ." चाकाखाली लिंबू चिरडून डिझेल घरी आली. पेट्रोल शेजाऱ्यांनी नेली.

इंदूरला जायच्या आधीच काकू गेल्या. मग काका गाडी काढत ती फक्त कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत. इंजिन तापायच्या आत परत. डिझेलच्या पोटात काजळी साचत गेली.

मेकॅनिक म्हणाला, "काका, हिला अधूनमधून लांब पळवा, नाहीतर गुदमरेल." काकांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दूधच आणलं.

कुंपणापलीकडून पेट्रोल म्हणाली, "एवढ्याशा फेरीला मीच बरी होते. तू एकदा बंद पड, म्हणजे त्यांना चूक कळेल."

डिझेल खोकली. "अगं, रोज ते आधी शेजारची रिकामी सीट पुसतात, मग चावी फिरवतात. मी बंद पडले तर ते घराबाहेर कशासाठी पडतील?"

सकाळी काकांनी सीट पुसली, चावी फिरवली. डिझेलने उरलासुरला दम गोळा केला आणि ती सुरू झाली.