पावेल्स साहेबाची स्तुती

"उद्या मोठे साहेब तपासणीला येणार. त्यांच्यापुढे तू माझी स्तुती करायची," पावेल्स साहेब म्हणाला. "तक्रारीचा एक जरी शब्द तुझ्या तोंडून निघाला, तर कोंडलेल्या बायका कोंडलेल्याच राहतील!"

दुभाषा इकोकोने हे बोलुंबूला तिच्या बोलीत सांगितलं. कोंडलेल्या बायकांत तिची लेक म्बोयोही होती.

काँगो देशातल्या नदीकाठचं हे गाव. गोऱ्यांचं राज्य आलं, गावाशेजारी त्यांचं ठाणं बसलं आणि पावेल्स तिथला अंमलदार झाला. पुरुषांनी रानातल्या वेलींचा चीक काढायचा, त्याचं रबर करायचं आणि टोपल्या भरभरून ठाण्यावर आणून टाकायचं. टोपली कमी भरली की पाठीवर चाबूक! पुरुष पळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या बायका-लेकी ठाण्याच्या कुंपणाआड ओलीस ठेवलेल्या. जवळपासच्या वेली केव्हाच वाळून गेल्या होत्या, पण साहेबाच्या टोपल्या काही लहान होत नव्हत्या.

लग्न असो की मयत, माणसाचं गुणगान करावं ते बोलुंबूनेच. म्हणून तर साहेबाने नेमकी तिलाच हेरली होती.

संध्याकाळी म्हातारा मुखिया बोंगोंदा कपाळाला हात लावून बसला. "खरं बोललीस, तर बायका अडकल्या. गोड बोललीस, तर मोठा साहेब खूश होऊन आल्या पावली परत जाईल. मग आपण सगळेच अडकलो!"

"मग खरंच बोलते," बोलुंबू म्हणाली, "पण गोड बोलते."

"ते कसं?"

"ते अजून मलाही कळलेलं नाही!"

दुसऱ्या दिवशी आगबोटीची शिट्टी झाली. मोठा साहेब उतरला. पांढरी दाढी, भलं मोठं पोट, हातात घाम पुसायचा रुमाल. झाडाखालच्या खुर्चीत तो बसला आणि त्याने विचारलं, "काय बाई, कसा आहे तुमचा साहेब?"

"देवमाणूस!" बोलुंबू म्हणाली.

इकोकोने सांगितलं. पावेल्स साहेबाने ऐटीत मिशीवर बोटं फिरवली.

"साहेब येण्याआधी आम्ही बायका पहाटेपासून राबायचो. कसाव्याचे कंद खणा, भिजवा, कुटा, शिजवा. कंबर मोडायची नुसती! साहेबांनी ते सगळे कष्ट एका फटक्यात वाचवले."

"अरे वा! कसे काय?"

"आता शेतात कसावाच नाही!"

मोठ्या साहेबाचा रुमाल कपाळावरच थांबला.

"पूर्वी आम्हाला चोरांची धास्ती असायची. आता दार सताड उघडं टाकून झोपतो."

"चोर पकडले वाटतं?"

"नाही हो! चोरांनी उचलावं असं घरात काही ठेवलंच नाही साहेबांनी. आणि नवराबायकोची भांडणं? तीही मिटली. माझा नवरा रानात रबर शोधत हिंडतो. भेटलाच नाही, तर भांडणार कुणाशी?"

पावेल्स साहेब ताडकन उठला. "ही बाई तक्रार करतेय!"

"इकोको," बोलुंबूने शांतपणे विचारलं, "मी तक्रारीचा एक तरी शब्द काढला का रे?"

इकोको मोठ्या साहेबाकडे वळला. "नाही साहेब. सगळी स्तुतीच आहे."

"बसा, पावेल्स," मोठा साहेब म्हणाला. "इतकी स्तुती माझी कुणी केली, तर मी गप्प बसून ऐकेन. पुढे बोल, बाई."

आता बोलुंबूने कुंपणाकडे बोट दाखवलं. "आमच्या लेकीसुनांना तर साहेब डोळ्यांत तेल घालून जपतात. बिबट्याने उचलून नेऊ नये म्हणून उंच कुंपण घातलंय. भोवती बंदूकवाले पहारेकरी. दाराला भक्कम कुलूप!"

"कुलूप आतून आहे?"

"छे! आतून लावायचे कष्ट साहेब त्यांना कशाला देतील? बाहेरून आहे!"

मोठा साहेब खुर्चीतून उठला. त्याने पावेल्सपुढे हात पसरला. किल्ली हातात पडायला जरा वेळच लागला. मग तो स्वतः कुंपणापाशी गेला आणि त्याने कुलूप काढलं.

बायका उजेडात डोळे मिचकावत बाहेर आल्या. हाडं मोजून घ्यावीत अशा झालेल्या! म्बोयोला तर धड उभंही राहवत नव्हतं. बोलुंबूने धावत जाऊन तिला कवेत घेतलं. मोठा साहेब मान खाली घालून खुर्चीपाशी परतला.

मग तो म्हणाला, "बाई, एवढा गुणी साहेब मिळालाय तुम्हाला! आणखी काही मागायचं आहे का?"

"एकच मागणं आहे," म्बोयोला धरून बोलुंबू म्हणाली. "इतकं सुख आम्ही एकट्यांनीच भोगणं बरं दिसत नाही. तुमच्या देशातही आयाबहिणी असतील, बिचाऱ्या दिवसभर राबत असतील. या साहेबांना आता त्यांच्याकडे घेऊन जा!"

इकोकोने शब्द न् शब्द तसाच सांगितला. मोठा साहेब जो हसला, जो हसला! पोट धरून हसला, दाढी भिजेपर्यंत हसला. मुखिया बोंगोंदाही हसला, सुटलेल्या बायका हसल्या. एका पहारेकऱ्याने तर तोंड फिरवून हसून घेतलं.

"मंजूर!" मोठा साहेब म्हणाला. "आणि रानात नव्या वेली वाढेपर्यंत या गावाने एकही टोपली भरायची नाही! बाई, तुला आगबोटीवरचं मीठ आणि कापड."

मग खलाशांनी फळी टाकली. तिच्यावरून मिठाची पोती आणि निळ्या कापडाचे तागे खाली उतरले, आणि पावेल्स साहेब वर चढला!