अर्ध्या नदीचा परवाना

"हा परवाना पैलगडचा! ऐलगडात तो चुलीत घालायच्या लायकीचा!" असं म्हणत नाकेदारानं हौसाची बैलगाडी अडवली आणि तिला बैलांसकट राजा रणधवलापुढे उभं केलं.

हौसा नदीपलीकडच्या पैलगडची लेक. नदीच्या मधोमध दोन्ही राज्यांची शीव. लग्न करून ऐलगडात आली ती माहेरची बैलजोडी आणि गाडी हाकायचा परवाना घेऊनच. नवरा कुंभार. त्यानं भाजलेली मडकी ती बाजारात नेई. गाडी गेली की घरातली चूल विझलीच म्हणायची.

तिनं इथला परवाना मागितला. राजाचा नियम तयार होता. इथल्या रस्त्यावर जो वर्षभर गाडी हाकेल, त्यालाच परवाना. आणि परवान्याशिवाय जो हाकेल, त्याची गाडी जप्त. हा नियम राजाच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेला, त्यामुळे त्यात खोट काढायची दरबारात कुणाची छाती नव्हती.

"मग वर्षभर हाकायची कशी, महाराज?"

"ते तुझं तू बघ. दिवस मावळेपर्यंत परवाना मिळव, नाहीतर गाडी सरकारजमा."

पण हौसा रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं राजालाच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. ऐलगडची गाडी हाकायची रीत आपल्यासारखीला कुठून ठाऊक असणार, ती दाखवावी तर महाराजांनीच, असं ती म्हणाली. राजा फुलला. गाडीवानाच्या जागी बसून त्यानं कासरे हातात घेतले. हौसा मागं मडक्यांत ऐसपैस बसली.

ही नेमकी बैलांची पाण्यावर जायची वेळ. राजानं एक कासरा ओढला, दुसरा ओढला, पूर्वजांची शपथसुद्धा घातली. बैल सरळ नदीत शिरले ते शिरलेच. राजाचे जोडे वाहून गेले.

"अगं, धर हे कासरे!"

"परवाना नाही, महाराज."

गाडी निम्मी नदी ओलांडून गेली, तशी हौसा लगबगीनं पुढं आली. "इथून माहेर लागलं. इथं माझा परवाना चालतो." तिनं बैल झटक्यात वळवले. राजानं सुटकेचा निःश्वास टाकला. पण शिवेवर येताच तिनं गाडी थांबवली आणि अदबीनं कासरे त्याच्या हाती दिले. "आता तुमचं राज्य. तुम्ही हाका."

राजानं कासरे हातात घेताच बैलांनी पुन्हा पैलगडकडे तोंड केलं.

"दिला परवाना!" राजा ओरडला. मग लगेच त्याचा चेहरा पडला. "पण माझा वर्षभराचा नियम? मीच मोडला तर लोक काय म्हणतील?"

"मोडू नका, महाराज. उन्हाळ्यात नदी आटेल, मग आपण चालत घरी जाऊ. तोवर बसायला मडकी आहेत."

राजा इतका हसला की मुकुट पाण्यात पडला. नियम त्यानं तिथंच रद्द केला आणि परवान्याबरोबर राजवाड्याच्या गाडीवानाची जागाही हौसाला दिली. मुकुट शोधायला नाकेदाराला नदीत उतरवलं.