झिपरोजींचा नेम

फार पूर्वी वडावरची माकडं चिंचेवरच्यांशी लगोरी खेळत आणि दरसाल हरत. एका साली हरणाऱ्याने झाड सोडायचं ठरलं.

"चिंचेवरचे नेमबाज झिपरोजीच आणू," मुखिया म्हणाला. "बदल्यात आपली तीन पोरं देऊ."

"पण मामंजी, फुटलेली लगोरी तीच तर रचतात," नवी सून पिंगी हळूच म्हणाली.

"सूनबाई, रचायला काय, कुणीही रचेल!"

झिपरोजींनी पहिल्याच चेंडूत लगोरी उडवली आणि कंबर धरून बसले. वड टाळ्यांनी दणाणला. मग सगळे विखुरलेल्या दगडांकडे बघत राहिले, आणि पलीकडून त्याच तीन पोरांनी एकेकाला टिपून बाद केलं.

वड सोडताना मामंजी म्हणाले, "फेक मात्र काय होती, सूनबाई!"

"होती खरी," पिंगी म्हणाली. तिच्या डोक्यावर झिपरोजींचं गाठोडं होतं.