थोरल्यांची राख

त्या राज्यात डोंगराला कुणी डोंगर म्हणत नसे, थोरले म्हणत. थोरल्यांच्या तोंडून धूर निघे आणि अधूनमधून पांढरी, बारीक राख खोऱ्यावर पडे. ती अंगारा म्हणून कपाळाला लावायची रीत होती.

अलीकडे अंगारा रोजच पडू लागला होता. पिल्लं खोकून बेजार झाली होती, ओढ्याचं पाणी जिभेला झोंबत होतं. दरबाराने जाहीर केलं की ही राख पलीकडच्या रानातल्या वणव्याची आहे. थोरल्यांच्या राखेने कुणाचं वाईट होत नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. हायसं वाटून घ्यायला त्या राज्यात फारसं काही लागत नसे.

खवली नावाच्या खवले मांजरीला मात्र राहवेना. तिने राखेवर लिंबू पिळलं. लाकडाची राख आंबटाने फसफसते. ही ढिम्म राहिली. जिभेवर काचेसारखी करकरली. मग जुनी राख कशी होती ते पाहायला तिने माळावर खड्डा खणला. आधी माती लागली. तिच्याखाली काळा, जाड, खड्यांचा थर होता आणि त्यात हाडंच हाडं होती. काळ्याच्या खाली पांढरा, बारीक थर. पुन्हा माती, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा. प्रत्येक पांढऱ्यावर तिने लिंबू पिळलं, प्रत्येक चाखला. एकही फसफसला नाही, सगळे तसेच करकरले. पांढरं पडलं की मागोमाग काळं पडतं, एवढं तिला कळलं.

ती दरबारात गेली आणि खड्ड्यात दिसलेलं सगळं तिने सांगितलं. "खोरं सोडा," ती रडत म्हणाली.

प्रधान साळिंदराचे काटे उभे राहिले. "थोरल्यांच्या अंगणात खड्डा खणतेस आणि वर त्यांनाच नावं ठेवतेस?"

खवली घरी धावली. "आई, चल. आत्ता निघू."

"दरबार निघाला की मी निघेन," आई म्हणाली. "चार जणांत राहायचंय गं आपल्याला."

एकटी ती केव्हाच निसटली असती. पण आईला टाकून जाववेना. आईला पटेल असा पुरावा मिळेल, या वेड्या आशेने ती पुन्हा खड्ड्यात उतरली आणि नखं फुटेपर्यंत खणत राहिली.

खोल गेल्यावर एका जागी थर तुटलेले दिसले. तिथे फार पूर्वी कुणीतरी खड्डा खणला होता. त्याच्या भिंतींवर नखांचे ओरखडे होते, अगदी तिच्या नखांसारखे. आत पांढरं, काळं, माती, सगळं कालवलेलं होतं. आकाशातून पडलेली राख अशी कालवलेली नसते; ही लोटलेली होती. वर खुरांचे, पंजांचे दाबलेले ठसे होते, आणि त्या ठशांवर शांत, अखंड पांढरा थर. त्याच्यावर काळा.

तिने ते कालवण उकरलं. तळाशी वेटोळं करून पडलेले खवले हाताला लागले.

तेवढ्यात तिच्या पाठीवर माती पडली. भिंत ढासळली असेल म्हणून तिने सवयीने चिमूटभर जिभेवर ठेवली. सगळ्या थरांची चव एकदम आली.

तिने वर पाहिलं. खड्ड्याच्या काठावर चहूकडून पाय माती लोटत होते. त्या गर्दीतून आई पुढे वाकली.

"डोळे मिटून घे गं बाळा," ती मायेने म्हणाली, "माती जाईल."