सोनेरी डबे आणि मोरणी म्हैस

एका डोंगरावर देवी होती आणि डोंगराच्या पायथ्याशी एक पेढेवाला शेठ होता. देवीचं दर्शन घेऊन उतरलेला माणूस शेठकडचा पेढा न खाता घरी गेला, असं कधी व्हायचं नाही. पेढा होताच तसा. जिभेवर ठेवला की विरघळायचा.

पेढे मिळायचे पळसाच्या पानांच्या द्रोणात. त्यासाठी लागणारं दूध यायचं शेजारच्याच गोठ्यातून. गोठा धुरपा गवळणीचा. तिच्या म्हशींमध्ये सगळ्यांत दुधाळ होती मोरणी. मोरणीची गव्हाण अगदी रस्त्याला लागून होती, आणि त्या गावची एक रीत होती. पेढा खाल्ला की द्रोण रस्त्यात फेकायचा नाही. तो गव्हाणीत ठेवायचा, "तुझं दूध, तुझा वाटा" असं म्हणायचं आणि पुढे जायचं. द्रोणाला खव्याचे कण चिकटलेले असत. मोरणी ते पानासकट मटकावून टाकी. पेढा माणसाच्या पोटात, पान म्हशीच्या पोटात, आणि रस्ता लख्ख. कुणाचं काही अडलं होतं का? नव्हतं!

पण काहींना सुखातला जीव दुःखात घालायची हौसच असते.

एके दिवशी शहरातून एक व्यापारी आला. त्यानं शेठपुढे पोतडी उघडली. आत काय? डबे! बाहेर जाड पुठ्ठा, त्याच्या आत सोनेरी कागद, त्याच्या आत आणखी एक पातळ कागद, आणि एकेका पेढ्याला गुंडाळायला पुन्हा वेगळा चकचकीत तुकडा. लग्नातल्या नवरीलासुद्धा एवढं नेसवत नाहीत.

"शेठ, तुमच्यासारख्या नामांकित माणसानं पानात पेढे विकावेत? शोभतं का?" व्यापारी म्हणाला. "हा कागद बघा. भिजत नाही, फाटत नाही, कुजत नाही."

आता मला सांगा, जे कुजत नाही ते शेवटी जातं कुठे, हे विचारायला नको? एवढी साधी गोष्ट! पण शेठनं विचारलं भलतंच.

"झाकणावर चित्र काढून मिळेल का?"

"मिळेल की. कशाचं हवं?"

"म्हशीचं काढा. गळ्यात झेंडूची माळ घाला. आणि ती हसत असली पाहिजे."

म्हैस कधी हसते का हो? पण काढलं तसं चित्र.

झालं. द्रोण गेले, सोनेरी डबे आले. मूठभर पेढे आणि हातभर डबा, बडा घर पोकळ वासा! लोकही असे की डबा बघूनच हरखून गेले. "काय थाट आहे!" म्हणत एकेकानं दोन-दोन घेतले. वाटेत पेढे खाल्ले, कागद सोलले, आणि रीतीप्रमाणे ते कागद, ते डबे सगळं गव्हाणीत टाकलं. वर हात जोडून म्हणाले, "तुझं दूध, तुझा वाटा."

डोळे होते ना यांना? हातात पान आहे की कागद, हे कळत नव्हतं? कळत होतं. पण रीत पाळली की माणसाला वाटतं आपण पुण्य केलं, मग डोकं चालवायचं कारणच उरत नाही. जे गव्हाणीत मावलं नाही ते वाऱ्यानं उडालं आणि ओढ्याकाठच्या कुरणात जाऊन पडलं.

धुरपा येता-जाता गव्हाणीतून कागद उपसायची आणि लोकांवर ओरडायची. लोक म्हणायचे, "अगं, आम्ही श्रद्धेनं ठेवतो." तिनं मोरणीला आत बांधलं, तर लोकांनी आत वाकून कागद ठेवले. खव्याच्या वासानं मोरणी तो कागद चाटायची, चाटता चाटता गिळायची. मुक्या जनावराला काय कळतंय? त्याला कळावं अशी अपेक्षा तरी कुणी करावी?

एका सकाळी मोरणीनं वैरणीला तोंड लावलं नाही. रवंथ थांबला. पोट ढोलासारखं फुगलं. धुरपा जनावरांच्या वैदूला घेऊन आली. त्यानं पोट दाबून पाहिलं आणि मान हलवली.

"आत कागदाचा गोळा झालाय. तेल पाजतो, औषध देतो. वाचेल अजून. पण बाई, यापुढे एक कागद जरी पोटात गेला, तर माझ्या हातात काही नाही."

धुरपा तशीच शेणाच्या हातांनी शेठच्या दुकानात गेली.

"शेठ, देवीची जत्रा तोंडावर आलीय. माणसांचा पूर येईल. एवढी जत्रा द्रोणात पेढे विका. माझी मोरणी मरायला टेकलीय."

शेठनं नाकाला उपरणं लावलं. "जत्रेसाठीच तर एवढे डबे मागवलेत. आता पानं शोधत फिरू होय? तू म्हशीला आत बांध."

"बांधली. पण चरायला ओढ्याकाठीच जाते ना? तिथंही तुमचेच कागद."

"माझे कसे? डबा दुकानाबाहेर पडला की तो गिऱ्हाइकाचा. माझा काय संबंध? आणि खरं सांगू, तुझ्या म्हशीला वळण नाही. काहीही खाते!"

ऐकलंत? विष पेरणारा हा, आणि वळण म्हशीला नाही! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

"शेठ, ती गेली तर पेढे कशाचे कराल?" धुरपानं शेवटचं विचारलं.

"जगात काय तुझ्याच म्हशी आहेत?" शेठ म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

जत्रा भरली. डबे हातोहात खपले. रस्ता, पायऱ्या, ओढा, कुरण, जिकडे बघावं तिकडे सोनेरी कागद. आणि जत्रेच्या गर्दीतच मोरणी गोठ्यात आडवी झाली. धुरपा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मोरणीनं एकदा तिचा हात चाटला आणि डोळे मिटले.

वैदू म्हणाला, "कशानं गेली ते सगळ्यांना दिसू दे." त्यानं लोकांसमोर पोट फाडलं. आतून डोक्याएवढा गोळा निघाला. पाण्यात धुतला तेव्हा त्यातून डब्याच्या झाकणावरचा चकचकीत कागद सुटा झाला. त्यावर गळ्यात झेंडूची माळ घातलेली म्हैस हसत होती. रंग जरासुद्धा उडाला नव्हता. कालपर्यंत "काय थाट आहे" म्हणणारे सगळे माना खाली घालून उभे राहिले.

धुरपा रडली. राहिलेल्या म्हशी सोडल्या आणि घाटापलीकडे बहिणीच्या गावी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शेठनं दुकान उघडलं. आढ्यापर्यंत डबेच डबे, आणि दूध थेंबभरही नाही. तो आसपासच्या गवळ्यांकडे गेला. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. "नको बाबा, आमच्या म्हशी जिवंत राहू देत." गिऱ्हाईक येई, डबा उघडून बघे आणि विचारी, "शेठ, पेढा कुठाय?" काय सांगणार? शोभेचा डबा खाता येत नाही. कढई गंजायला लागली. बायकामुलांना काय खायला घालायचं असा प्रश्न पडला, तेव्हा शेठ मुकाट्यानं घाट चढून धुरपाच्या दारी गेला.

"बाई, चुकलो. आता द्रोणाशिवाय विकणार नाही. दूध सुरू कर."

"आधी ते सगळं उचल," धुरपा म्हणाली.

"उचलतो. आजच माणसं लावतो."

"माणसं नकोत. विकताना गादीवर कोण बसलं होतं? तूच उचल. मी येऊन बघणार."

शेठ वाकला. पायरीपायरीवरचे कागद वेचू लागला. ओढ्यात उतरला, काटेरी झुडपांत हात घातला, पोतं भरून डोक्यावर घेतलं. अख्खं गाव बघायला जमलं. शेठ चिखलात घसरला तेव्हा लोक खदाखदा हसले. "बरी खोड मोडली लेकाची!"

तेवढ्यात धुरपा आली. शेठकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. ती लोकांवर कडाडली.

"दात काय काढता? त्यानं विकलं, पण तिच्या तोंडाशी कुणी नेऊन ठेवलं? हात कुणाचे होते? मी ओरडत होते तेव्हा श्रद्धा सांगत होतात मला! वाका सगळे!"

हसू जागच्या जागी विरलं. पहिल्यांदा एक म्हातारी वाकली, मग तिचा मुलगा, मग अख्खं गाव. दिवस कलेपर्यंत कुणाची पाठ सरळ झाली नाही. गोळा केलेलं जाळायला गेले तर घशाला झोंबणारा काळा धूर निघाला. पुरायला गेले तर कुणी आपलं शेत देईना. शेवटी सगळा ढीग शेठच्या निजायच्या खोलीत भरला, आणि शेठ ओसरीवर झोपू लागला.

धुरपा म्हशी घेऊन परतली. सकाळी दूध दुकानात पोचलं, कढई चढली, पळसाची पानं आली. शेठनं घागरी पाहिल्या. नेहमीपेक्षा एक कमी होती. त्यानं धुरपाकडे बघितलं आणि तो कढईपाशी जाऊन बसला. त्या दिवशी पेढे दुपारीच संपले. उशिरा आलेली माणसं रिकाम्या हातानं परत गेली, पण कमी का पडले, असं एकानंही विचारलं नाही.

तात्पर्य, आणि हे नीट कान देऊन ऐका: माल विकणाऱ्यानं त्याच्या वेष्टणाचाही भार उचलावा, आणि टाकणाऱ्यानं ते कुणाच्या पोटात जाणार आहे हे आधी बघावं. "माझा काय संबंध?" म्हणून हात झटकले, तरी गेलेला जीव परत येत नाही.