वकिलाविना अर्ज

सोनवडी संस्थानात बारा वर्षं लुगडी विणणाऱ्या चांगुणा कोष्टिणीनं घरातल्या पाचही जणांसाठी नागरिकत्वाचा अर्ज केला, तोही वकिलाशिवाय! अर्ज फेटाळला, तर सगळ्यांना वेशीबाहेर जावं लागणार होतं.

दिवाण घनःश्यामपंतांनी मिशीला पीळ दिला. "वकील कुठाय गं तुझा?"

"घरचं तोंड असताना भाड्याचं कशाला आणू, सरकार?"

"अस्सं? मग तू इथलीच, हे पटवून दे बघू. वकील तर आमच्या नगरीची स्तोत्रं गातात."

चांगुणानं पदर खोचला. "विहिरीचा रहाट कुरकुरतो, बाजारातली वांगी किडकी, आणि वेशीवरचा पहारेकरी भरदुपारी घोरतो!"

दिवाण लालबुंद झाले. "इतकी नावं ठेवतेस, आणि वर इथलीच म्हणवतेस?"

"सरकार, पाहुणा अळणी आमटीसुद्धा भुरकून वा वा म्हणतो. मीठ कमी पडलं म्हणून ओरडतो, तो घरचाच ना?"

दिवाणांनी पाचही नावांवर शिक्के उठवले. मग पुढं झुकून हळूच म्हणाले, "बसा, चांगुणाबाई. आणखी काय काय बिघडलंय हो इथं?"

चांगुणानं ऐसपैस मांडी घातली.