बख्तरवाडीचा डावा हात

बख्तरवाडीला दागिना घ्यायला गेलेल्या माणसाच्या हातात वस्तू सरळ कधी पडत नाही. पोलादी कड्यांचा हार असो, बांगडी असो की कमरपट्टा, जे पसंत केलं असेल ते करणारी बाई आधी स्वतःच्या अंगावर चढवते, ओसरीच्या कडेला येऊन उभी राहते आणि डावा हात सरळ डोक्यावर उचलते. उजवा खालीच, मांडीला टेकलेला. मग म्हणते, "ओढा."

गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. पुण्याहून आलेल्या मुली हसतात, एखादी मोबाईल वर करून फोटो काढते, एखादी पाहुणचाराला आल्यासारखी दोन बोटांनी हार धरून सोडून देते. बाई हसत नाही. "तसं न्हाई, जोर लावून ओढा," म्हणते. तेवढ्या वेळात ओसरीवर काम करणाऱ्या बाकीच्या बायकांची बडबड एकदम थांबलेली असते. एकही कडी सुटली नाही की हात खाली येतो, बोलणं पुन्हा सुरू होतं आणि वस्तू कागदात गुंडाळली जाते. घरी जाऊन नीट पाहिलं तर त्या शेकडो काळपट कड्यांमध्ये एक कडी पितळेची सापडते. एकच.

हे असं का, ते गोदाजी तात्या पोलादे सांगतात. तात्यांनी ऐंशी ओलांडली आहे. डोळ्यांना कडी दिसत नाही, पण बोटांना अजून कळते. पाहुण्यांना ते मारुतीच्या पारावर बसवतात आणि आधी चहा संपवायला लावतात. "मागनं त्यो ग्वाड लागत न्हाई," म्हणतात. कोणत्या राजाच्या अमलातली गोष्ट, हे त्यांना विचारू नये. ते चिडतात. मरणाऱ्याला राजाचं नाव विचारून काय मिळतं, असा त्यांचा सवाल असतो.

त्या काळी वाडीत हार होत नव्हते, चिलखतं होत होती. वरच्या गडावरच्या माणसांच्या अंगावर जे लोखंड असे ते सगळं या वाडीतलं. गडी माणसं तार ओढत, सळईवर गुंडाळून कड्या कापत. पुढचं काम बायकांचं. एका कडीत चार कड्या ओवायच्या, तोंडं एकमेकांवर आणायची आणि तिळाएवढा खिळा ठोकून ती कायमची बंद करायची. एका चिलखताला अशा हजारो कड्या लागत आणि चार-चार महिने जात. या कामात सटवाजी लोहाराची सून ठकू हिच्या तोडीची बाई वाडीत नव्हती, असं सांगतात. तिचा खिळा बोटाला लागत नसे.

ठकूचा नवरा सुभाना गडावर शिलेदार होता. तिच्या शेजारी, त्याच चटईवर, भिवरा बसे. भिवराचा नवरा धोंडजी हा सुभानाचा जिवाभावाचा सोबती. दोघी एकमेकींच्या कोपराला कोपर लावून काम करत आणि दिवसभर एकमेकींची थट्टा करत.

एका वर्षी पोळ्याच्या सुमाराला गडावरून निरोप आला. गनीम खिंडीकडे सरकतो आहे, दसऱ्याला वीस चिलखतं हवीत. अर्धवट विणलेली बरीच पडून होती, तरी वीस हा आकडा ऐकून सटवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं तर वाडीचीच पोरं कापसाचे डगले घालून खिंडीत उभी राहणार. सटवाजी वाईट माणूस नव्हता, हे तात्या दोनदा सांगतात. त्याने तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी बायकांना बोलावून सांगितलं, की काखेतल्या कड्यांना खिळे मारू नका. नुसत्या दाबून बंद करा.

"मामंजी, दाबलेली कडी नखानं उघडती," ठकू म्हणाली.

"हात खाली असतोय, सूनबाई. छाती झाकली, पाठ झाकली, खांदं झाकलं. काखंत कोन मारायला येतंय?"

त्याने एक चिलखत चटईवर पसरलं आणि दाखवलं. बाह्या खाली पडलेल्या होत्या, काख दिसतही नव्हती. बायकांनी माना डोलावल्या. चिलखत विणणाऱ्या या वाडीत चिलखत अंगात घालून कुणी पाहत नसे. ते चटईवर विणलं जाई, चटईवर तपासलं जाई आणि घडी घालून गडावर जाई. चूक झाली ती या रीतीमुळे. भिवराही खाली मान घालून कड्या दाबू लागली. तिच्या मांडीवर होतं ते धोंडजीचं चिलखत.

दसरा आठ दिवसांवर आला तेव्हाची गोष्ट. ठकू स्वयंपाकघरात शिंक्यातलं ताकाचं गाडगं काढायला गेली. हात वर केला आणि चोळी काखेत टर्रकन फाटली. ती तशीच उभी राहिली म्हणे, एक हात शिंक्याला, दुसरा त्या फाटक्या जागी. चोळी नेहमी इथंच का फाटते, हे तिला इतकी वर्षं माहीत होतं. तलवार मारायची तर हात वर जाणार. हात वर गेला की काख उघडी. समोरच्याला तीच जागा दिसणार.

ती सांगायला निघालीही होती. अंगणात सटवाजी ऐरणीपाशी पाठ वाकवून बसला होता, बायकांच्या हातोड्या चालू होत्या, आणि कुणाला मान वर करायला सवड नव्हती. आता सांगितलं तर विसांच्या वीस चिलखतांच्या काखा उसवाव्या लागतील. मग एकही वेळेत पुरं व्हायचं नाही. सुभानाचंही नाही. ठकू तशीच मागे फिरली, आपल्या जागेवर येऊन बसली, सुभानाच्या चिलखताची काख उसवली आणि एकेका कडीला खिळा ठोकू लागली.

"काय गं, तुझा हात मंदावला?" भिवराने कोपर मारत विचारलं. "आमी दुसऱ्याला हात घातला तरी तुझं एक सरंना. नवऱ्याचं हाय म्हनून नटवतीस व्हय?"

ठकू हसली. ते हसू तिला पुढे जन्मभर आठवत राहिलं, असं सांगतात. चिलखतं ढिगात मिसळली तर ओळखू यावं म्हणून तिने मानेमागे एक पितळेची कडी घातली. सुभानाला म्हणाली, "मानंमागं पितळी कडी हाय, त्येच उचला. दुसऱ्याचं घेऊ नका." बायकोची माया म्हणून तो खूश झाला आणि गडावर जाऊन त्याने ती कडी धोंडजीला दाखवलीदेखील.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी खिंडीत गाठ पडली. गनीम मागे हटला, खिंड राहिली. विसांपैकी नऊ जण पायांनी घरी आले. अकरा जणांना आणावं लागलं.

त्यांना उचलून आणणाऱ्यांत सुभाना होता. अंगावरची चिलखतंही त्यानेच उतरवली. अकरांपैकी सात जणांना घाव एकाच जागी होता. धोंडजी त्यातलाच. सुभाना घरी आला, अंगणात बसला, स्वतःचं चिलखत काढून मांडीवर घेतलं आणि त्याच्या काखेतून अंगठा फिरवत राहिला. ठकूने पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. त्याने तो घेतला नाही.

"हितं खिळं हायती," तो म्हणाला.

ठकूने तांब्या आणखी थोडा पुढे सरकवला.

"धोंडजीच्यात न्हवतं. कुनाच्यातच न्हवतं. तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

तिला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने चिलखत तिच्या पायाशी ठेवलं, उठला आणि धोंडजीच्या सरणाची लाकडं फोडायला गेला. ठकूच्या जिवाची जी तगमग झाली ती तात्यांना सांगता येत नाही. ते नुसते हात हलवतात. जिच्या मांडीवर ते चिलखत होतं, जिने आपल्या हाताने एकेक कडी दाबली होती, ती भिवरा अजून नशिबाला बोल लावत बसली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तेरावा झाल्यावर अकरा घरच्या बायका याच पारावर जमल्या. ठकू आली ती अंगात चिलखत घालून. वाडीत चिलखत अंगात घातलेली ती पहिली बाई. परत आलेल्या नऊ चिलखतांपैकी ते एक होतं, दाबलेल्या कड्यांचं. तिच्या हातात भाला होता. तिने सगळं सांगितलं, चोळी फाटली तिथपासून पितळी कडीपर्यंत. मग भाला भिवराच्या हातात दिला आणि उजवा हात डोक्यावर उचलला.

"मार," ती म्हणाली.

सटवाजी रडत पुढे आला. चूक आपली, सुनेला काही करू नका, म्हणाला. भिवराने त्याच्याकडे पाहिलं. "मामा, तुमी चुकलासा, पर तुमाला कळलं न्हवतं. हिला कळलं व्हतं."

तिने भाल्याचं टोक ठकूच्या काखेत टेकवलं. जोर केला नाही म्हणे, नुसता अंगाचा भार दिला. कड्या उघडल्या. भिवराच्या हाताला त्या उघडताना कळल्या, आणि धोंडजी कसा गेला हेही तिला त्याच वेळी कळलं असणार. ठकू ओरडली नाही. रक्त कमरेपर्यंत आलं तशी भिवराने भाला फेकला आणि आपल्या पदराचा बोळा करून त्या जखमेत दाबून धरला. तिला मारायचंच होतं आणि हात कचरला, असं वाडीतले काही म्हणतात. कडी किती सहज उघडते एवढंच तिला पाहायचं होतं, असं दुसरे म्हणतात. तात्या कुणाचीच बाजू घेत नाहीत. "त्ये भिवरालाच ठावं," म्हणतात.

ठकू जगली. उजवा हात मात्र पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. अंथरुणातून उठल्यावर तिने पहिलं काम केलं ते सुभानाचं चिलखत उसवण्याचं. त्याचे तिने अकरा तुकडे केले. मंगळसूत्र उतरलेल्या अकरा गळ्यांसाठी अकरा हार, प्रत्येक कडीला खिळा. बख्तरवाडीचे पहिले दागिने ते हेच. पितळी कडी मात्र एकच होती, आणि ती कुणाच्या हारात घालावी हे तिला कळेना. तिने ती तळहातावर घेऊन भिवरापुढे धरली.

"वळखीची खून करायची तर समद्यांना कर," भिवरा म्हणाली, "न्हाईतर कुनालाच नगं."

ठकूने आणखी दहा पितळी कड्या केल्या.

भिवराचं ठकूशी तेवढंच बोलणं झालं, ते शेवटचं. सुभानाने लोखंड पुन्हा अंगाला लावलं नाही. हातांत बळ होतं तोवर तो अकरा घरांची शेतं नांगरत राहिला. एका हाताने ठकूला स्वतःची वेणी घालता येईना. तेव्हा एके सकाळी भिवरा फणी घेऊन आली, तिच्या मागे बसली, केस विंचरले, वेणी घातली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. दोघी म्हाताऱ्या झाल्या, केस पांढरे होऊन विरळ झाले, तरी ती रोज येत राहिली म्हणे. बोलली मात्र एकदाही नाही. ठकू तेवढा वेळ गप्प बसून असे, आणि मागे फणी चालू असे.

तात्या इथे थांबतात. पुढचं पाहुण्यांनी ओसरीवर जाऊन स्वतःच पाहायचं.

आजही बख्तरवाडीत केलेली वस्तू करणारीने आधी अंगावर घातल्याशिवाय गावाबाहेर जात नाही. आजही हारात पितळी कडी असते, प्रत्येकाच्या, आणि एकच. आजही बाई डावाच हात उचलते, कारण ही रीत पाडणाऱ्या ठकूचा तोच उचलला जायचा. आणि तो हात वर असतो तोवर ओसरीवरची एकही बाई बोलत नाही. तात्यांकडून ऐकून आलेलं गिऱ्हाईक मग हसत नाही. हार धरतं, आणि जीव खाऊन ओढतं.